गावभागातल्या स्टुडिओची हार्ड डिस्क: फाइली परत मिळवणं आणि बॅकअपची नवी घडी (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५, सांगली

डिस्क ताब्यात घेतली. ३.५ इंची, साटा, २ टीबी. वापरलेली जागा १.३१ टीबी, फाइली ८४,६१२. सहा वर्षांचं काम यात आहे: दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, नाटकांची पोस्टरं, हळदीच्या आणि बेदाण्याच्या पाकिटांची लेबलं, गणेश मंडळांच्या कमानींची डिझाइन्स. दुसरी प्रत म्हणावी तर मार्च २०२३ पर्यंतचं निवडक काम असलेला एक पेन ड्राइव्ह, बस.

लक्षणं: काही फोल्डर उघडायला चाळीस सेकंद लागतात, फोटोशॉप मध्येच ‘डिस्क एरर’ म्हणून थांबतं, विंडोज एक्सप्लोरर गोठतो. टकटक किंवा खरखर नाही. यावरच पुढची दिशा ठरते. टकटक असती तर हेड (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) गेलंय असं समजून वीज तिथेच तोडली असती आणि डिस्क क्लीन रूम असलेल्या लॅबकडे पाठवली असती. अशी डिस्क प्रत्येक वेळी चालू केली की हेड तबकडी खरवडतं आणि डेटा धुळीसारखा उडून जातो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो, तो करू नये. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं. सर्किट बोर्ड बदलूनही भागत नाही, कारण त्या डिस्कपुरती जुळणी बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिपही हलवावी लागते.

विंडोजने ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं होतं, ते कोणी दाबलेलं नव्हतं. खूप बरं झालं. त्या बटणामागची चेकडिस्क ही डेटा वाचवणारी गोष्ट नाही. ती फाइल सिस्टीम सुसंगत करते आणि त्यासाठी डिस्कवर लिहिते. वाचता न आलेल्या नोंदी कापते, फाइलींचे तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी टाकते. मरणाऱ्या डिस्कवर एकही बाइट लिहायचा नाही, हा नियम पहिल्या मिनिटापासून. फाइली परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणं हीही त्यातलीच चूक.

स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा लहानात लहान तुकडा), स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने वाचलेल्या:
क्र. ५ (बदलून दिलेले सेक्टर): १८४
क्र. १९७ (प्रलंबित सेक्टर): ३१२
क्र. १९८ (दुरुस्त न होणारे): ३१२
क्र. १९९ (केबलच्या चुका): ०
क्र. ९ (चालू तास): १८,४१२

१९९ शून्य आहे म्हणून केबलचा संशय गेला. तो आकडा मोठा असता तर आधी शंभर-दीडशे रुपयांची साटा केबल बदलून पाहिली असती. पुष्कळ ‘खराब’ डिस्का तेवढ्यावर ठीक होतात. स्मार्टचा एकूण निकाल मात्र अजून ‘पास’ दाखवतोय. त्या एका शब्दावर विसंबायचं नसतं, ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे पाहायचे. १९७ शून्यावरून हलला की त्याच दिवशी प्रत काढायची.

३ जून

प्रतिमा, म्हणजे डिस्कची सेक्टरवार जशीच्या तशी प्रत, काढायला सुरुवात. मांडणी अशी: उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह, आपोआप माउंट होणं बंद, जुनी डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला. यूएसबी केसमधून हे काम करत नाही. खराब सेक्टरवर डिस्क अडकली की यूएसबीचा पूल मध्येच संपर्क सोडतो, आणि तो परत जुळवायला डिस्कची वीज तोडून जोडावी लागते. ते या डिस्कला झेपणार नाही.

नवी डिस्क ४ टीबीची. तिच्यावर एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) करून जुन्या डिस्कची पूर्ण प्रतिमा एका फाइलीत घेतोय. २,००० जीबीची प्रतिमा आणि बाहेर काढलेल्या १,३१० जीबी फाइली दोन्ही तिच्यावर मावतात. २ टीबीच्या जागी २ टीबीचीच डिस्क आणणं ही नेहमीची काटकसर पुढे गळ्याशी येते.

कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य हे अनुक्रमांक वाचून ठरवलं, दोघांनी मोठ्याने वाचून. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला अदलाबदल होऊ शकतात. इथे चूक झाली तर रिकाम्या डिस्कचे शून्य सहा वर्षांच्या कामावर लिहिले जातील.

साधन ग्नू डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम. साधं डीडी नाही, कारण ते पहिल्याच चुकीवर थांबतं किंवा प्रत्येक खराब जागी रेंगाळतं. डीडीरेस्क्यूची रीत उलटी आहे: आधी सहज येतं ते सगळं उचल, अवघड जागा वगळून पुढे जा, मग मागे वळ. कुठे काय झालं ते मॅपफाइलमध्ये लिहिलेलं राहतं, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मॅपफाइल न देता चालवणं म्हणजे खुणा न करता विहीर खणणं. ती तिसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवली.

पहिली फेरी: लहान आणि मोठा ‘एन’ हे पर्याय (खरडणी नको, काठ छाटणी नको), ‘डी’ पर्याय (कर्नलचा कॅशे टाळून थेट वाचन), सेक्टर ४,०९६ बाइटचा. आजच्या बहुतेक डिस्का बाहेरून ५१२ बाइटचे सेक्टर दाखवतात पण आत ४,०९६ चेच असतात. एक खराब झाला की बाहेरून आठ खराब दिसतात. ३१२ ला आठने भाग जातोच.

११:२० ला सुरू. दुपारपर्यंत सेकंदाला ११० एमबी. साधारण ६२ टक्क्यांवर वेग एकदम २०० केबीवर आला. तापमान ५१ अंश. टेबलफॅन थेट डिस्कवर लावला, अर्ध्या तासात ४१. सांगलीतल्या जूनच्या उकाड्यात फॅनशिवाय हे काम करूच नये.

रात्री २२:०५ ला फेरी संपली. ९९.९६ टक्के आलं. बाकी ७८६ एमबी.

इथे थांबायचा मोह होतो. पण ७८६ एमबी एका जागी नाहीत, शेकडो फाइलींत विखुरलेत. एका पीएसडीतला (फोटोशॉपच्या फाइलीतला) एक खराब तुकडा अख्खी फाइल अडवू शकतो.

४ जून

त्याच मॅपफाइलवर दुसरी फेरी, दोन्ही ‘एन’ काढून. आधी काठ छाटणी: खराब पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडून आत वाचत जाणं. ७८६ एमबीचे ९६ राहिले. मग खरडणी, म्हणजे उरलेल्या भागात एकेक सेक्टर. संध्याकाळी ४.२ एमबी बाकी.

दोनदा वीज गेली. मशीन यूपीएसवर असल्यामुळे काही बिघडलं नाही. यूपीएस नसता तर हे काम हातात घेतलंच नसतं.

५ जून

तीन पुन्हा-प्रयत्न: ४.२ वरून २.१ एमबी. मग ‘आर’ पर्यायाने उलट दिशेने वाचन. शेवटाकडून सुरुवातीकडे येताना हेड वेगळ्या बाजूने सेक्टरवर येतं आणि डिस्कचं आगाऊ वाचनही आड येत नाही, म्हणून कधी कधी अडलेलं सुटतं. सुटलंही. बाकी १६,८७,५५२ बाइट, म्हणजे ४,०९६ चे ४१२ तुकडे.

प्रलंबित सेक्टर आता ३,२९६ दाखवतोय. ४१२ गुणिले ८, बरोबर जुळतं. क्र. ५ मात्र वाढत चालला आणि दुपारपासून फिरताना बारीक शिट्टीसारखा आवाज आहे. इथे थांबायचं ठरवलं. आणखी दहा फेऱ्यांत वीस-तीस तुकडे मिळाले असते, पण तेवढ्यासाठी हेड घालवलं तर लॅबचा रस्ताही बंद. डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलसह, वर चिठ्ठी: ‘चालू करू नये’. फेकायची नाही.

६ जून

आता प्रश्न असा की ते ४१२ तुकडे नेमके कोणत्या फाइलींत आहेत. ८४,६१२ फाइली उघडून बघणं शक्य नाही.

डीडीरेस्क्यूची भरण-पद्धत वापरली. मॅपफाइलमध्ये ज्या जागा खराब नोंदल्यात, फक्त तिथे प्रतिमेत एक खुणेचा शब्द भरायचा. शब्द निरर्थक रोमन अक्षरांचा, कुठल्याही फाइलीत सापडणार नाही असा, सेक्टर भरेल इतक्या वेळा. मग प्रतिमा फक्त-वाचन पद्धतीने लूप डिव्हाइसवर चढवून सगळ्या फाइलींत ग्रेप या शोधाच्या आज्ञेने तो शब्द शोधायचा. १.३१ टीबी वाचायला अडीच तास लागले.

निकाल:
रिकाम्या जागेत २६८ तुकडे. काही गेलं नाही.
३७ फाइलींत १४३ तुकडे.
१ तुकडा एमएफटीमध्ये, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे त्या मुख्य यादीत.

त्या यादीतल्या तुकड्यात ज्यांच्या नोंदी गेल्या त्या सोडता बाकीच्या सगळ्या फाइली पूर्ण आहेत, आणि हे आता अंदाजाने नाही तर मोजून सांगता येतं. स्टुडिओला पहिला फोन याच वाक्याचा केला.

खुणेचा शब्द काढून त्या जागी पुन्हा शून्य भरले आणि मगच फाइली बाहेर काढल्या. कारण पीएसडी शून्य जितकं सोसते तितका निरर्थक शब्द सोसत नाही.

३७ मध्ये पीएसडी १९, क्रिताच्या केआरए ६, कोरलड्रॉच्या सीडीआर ५, टिफ ४, जेपेग ३. जेपेग संदर्भासाठीचे फोटो होते, ते सोडून दिले.

७ ते ९ जून: पीएसडी

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता. सपाट चित्र परत मिळालं म्हणजे काम परत मिळालं असं नाही. पाकिटावरचं वजन बदलायचं, मंडळाचं वर्ष बदलायचं, तर लेयर लागतात.

पीएसडीची रचना सरळ आहे. २६ बाइटचं शीर्ष, मग रंगपद्धतीचा विभाग, मग इमेज रिसोर्सेस, मग लेयर आणि मास्क, शेवटी सगळं एकत्र केलेलं चित्र. शीर्षानंतरच्या तीन विभागांच्या आधी त्यांची लांबी लिहिलेली असते, म्हणून मधला भाग तुटला तरी उडी मारून शेवटचं चित्र गाठता येतं. अर्थात ते चित्र तिथे असायला हवं. जतन करताना ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ बंद ठेवलं असेल तर नसतं. फाइल थोडी लहान होते म्हणून पुष्कळ जण ते बंद करतात. चालूच ठेवा.

लेयरमधला प्रत्येक चॅनल ओळीओळीने पॅकबिट्स पद्धतीने दाबलेला असतो, आणि चॅनलच्या सुरुवातीला प्रत्येक ओळीच्या लांबीचं कोष्टक असतं. म्हणून मध्येच ४,०९६ बाइट गेले तरी नुकसान काही ओळींपुरतंच. पुढची ओळ कुठे सुरू होते ते कोष्टक सांगतं. तेही एकाच चॅनलमध्ये: चित्रात लाल किंवा निळसर आडवी रेघ दिसते, बाकीचे चॅनल शाबूत. चॅनल पॅनेलमध्ये फक्त तो चॅनल निवडून वरच्या-खालच्या ओळींवरून क्लोन केलं की रेघ जाते. अशा १४ फाइली लेयरसकट उभ्या राहिल्या. खराब तुकडा नेमका त्या कोष्टकावर पडला तर मात्र तो चॅनल गेला. दोन लेयरचं तसं झालं. त्यातला एक कागदाच्या पोताचा होता, तो नवा टाकता येईल.

उरलेल्या ५ फोटोशॉपमध्ये उघडल्याच नाहीत. चारांतून इमेजमॅजिकने एकत्र केलेलं चित्र काढलं. फाइलनावापुढे चौकोनी कंसात शून्य लिहिलं की ते लेयर वगळून फक्त शेवटचं चित्र वाचतं. मग पायथनच्या पीएसडी-टूल्सने एकेक लेयर वेगळा काढायचा प्रयत्न केला. चारांपैकी तीन फाइलींतले बहुतेक लेयर पीएनजी म्हणून निघाले. ब्लेंड मोड आणि मास्क हाताने परत लावावे लागतील.

पाचवी फाइल एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. तिचे पहिलेच ४,०९६ बाइट गेलेले, म्हणजे शीर्षच नाही. ते हाताने लिहिलं:
‘८बीपीएस’ ही खूण, ४ बाइट.
आवृत्ती १, २ बाइट.
सहा बाइट शून्य.
चॅनलसंख्या, २ बाइट.
उंची ४ बाइट, रुंदी ४ बाइट.
बिटखोली ८, २ बाइट.
रंगपद्धत, २ बाइट (आरजीबी म्हणजे ३, सीएमवायके म्हणजे ४).
त्यापुढे रंगपद्धतीच्या विभागाची लांबी शून्य आणि रिसोर्सेसची लांबी शून्य, प्रत्येकी ४ बाइट.

मग मूळ फाइलीत लेयर विभाग जिथे सुरू होतो तिथून शेवटपर्यंतचा भाग या ३४ बाइटना जोडला. सुरुवात शोधायची खूण: प्रत्येक रिसोर्स ‘८बीआयएम’ या चार अक्षरांनी सुरू होतो, शेवटचा रिसोर्स संपला की लगेच लेयर विभागाची लांबी येते. माप छापखान्याच्या ऑर्डरवरून मिळालं, साडेआठ बाय अकरा इंच, ३०० डीपीआय, म्हणजे २,५५० बाय ३,३००. माप चुकलं तर चित्र विस्कटतं किंवा उघडतच नाही. पहिल्यांदा आरजीबी धरलं आणि उघडली नाही. सीएमवायके आणि ४ चॅनल लिहिल्यावर सगळे ३१ लेयर समोर आले. गाइड आणि रंगप्रोफाइल गेले, ते रिसोर्सेसमध्ये असतात.

१० जून: बाकीच्या फाइली

केआरए म्हणजे झिप. नाव बदलून किंवा अनझिपची चाचणी चालवून कोणता लेयर तुटलाय ते कळतं. आत ‘मर्ज्डइमेज’ नावाची पीएनजी असते, म्हणून सपाट चित्र बहुतेक वेळा लगेच हाती येतं. पाचांत एकेक लेयर तुटला होता. तो मेनडॉक एक्सएमएलमधून वगळून झिप पुन्हा बांधलं की क्रिता उघडते. दोन फाइलींशेजारी नावापुढे लहरी चिन्ह असलेली क्रिताची आधीची प्रत होती, तिच्यातून तुटलेला लेयरही मिळाला. सहाव्या फाइलीत झिपची यादीच गेली होती. ती फाइलीच्या शेवटी असते. झिपच्या दुरुस्तीच्या पर्यायाने (दोन मोठे एफ) प्रत्येक नोंदीच्या स्थानिक शीर्षावरून यादी परत बांधली गेली.

सीडीआर: एक्स४ पासूनच्या आवृत्त्या झिप आहेत, पण आतली मुख्य फाइल तुटली तर हाती फक्त लघुचित्र येतं. तीनही फाइलींचं तेच झालं. दोन जुन्या आरआयएफएफ रचनेच्या होत्या, त्या उघडल्या नाहीत. वाट वेगळी निघाली: छपाईसाठी पाठवलेल्या पीडीएफ छापखान्यांकडे आणि फ्लेक्सवाल्यांकडे होत्या. पाचापैकी चार मिळाल्या. कर्व्ह केलेली अक्षरं, पण वेक्टर शाबूत. गमावलेल्या कामाचा शोध घेताना ईमेलच्या ‘पाठवलेले’मध्ये, व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलींत आणि छापखान्यात आधी पाहावं. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून गेलेलं दाबलं जातं, ते फक्त ओळखीपुरतं.

टिफ: तीन न दाबलेल्या, त्यात एकेक बारीक रेघ. चौथी एलझेडडब्ल्यूने दाबलेली, तिची एक पट्टी गेली.

एमएफटीतला तुकडा. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीची नोंद १,०२४ बाइटची, म्हणजे ४,०९६ च्या एका तुकड्यात चार फाइलींची ओळख गेली. मजकूर डिस्कवर आहे, पत्ता नाही. पण फोल्डरच्या अनुक्रमणिकेत नाव, आकार आणि तारीख यांची वेगळी प्रत असते. म्हणून यादीत चारही नावं दिसतात, उघडताना फक्त चूक येते. त्यावरून काय शोधायचं ते कळलं: तीन पीएसडी आणि एक टिपणाची फाइल. प्रतिमेवर फोटोरेक (हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम) चालवलं, फक्त पीएसडी निवडून. ते खूण शोधून सलग उचलतं, नावं देत नाही. आकार आणि कॅनव्हासचं माप यांवरून दोन ओळखल्या, उघडल्या. तिसरी डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली होती, वरचे काही लेयर सोडता पुढे कचरा. टिपणाची फाइल इतकी लहान की तिचा मजकूर त्याच नोंदीत होता. ती गेली.

१४ जून: नवी घडी, जागा ठरवणं

सांगलीत प्रत कुठे ठेवायची हा प्रश्न नदीला विचारून सोडवावा लागतो. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा धोका पातळीच्या बरंच वर. स्टुडिओ गावभागात तळमजल्यावर आहे. दुसरी प्रत त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, किंवा शेजारच्या गल्लीत, म्हणजे एकाच पाण्यात दोन्ही. वरच्या मजल्यावर ठेवली तर पाण्यापासून वाचते, पण पुरात वीज नाही, रस्ता नाही, आठवडाभर हाताशी येत नाही. म्हणून बाहेरची प्रत मिरजेत.

ठरलेली मांडणी:
काम चालू असलेल्या फाइली: १ टीबी एनव्हीएमई एसएसडी.
संग्रह: ४ टीबी अंतर्गत डिस्क, सीएमआर प्रकारची (जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत).
पहिली प्रत: पहिल्या मजल्यावर जुन्या पीसीत ४ टीबी, नेटवर्कवर, रेस्टिक (बॅकअपचा प्रोग्राम).
दुसरी प्रत: ४ टीबीच्या दोन बाह्य डिस्का, दर शनिवारी अदलाबदल. एक नेहमी मिरजेत, वीज आणि केबल न लावलेली.
तिसरी: क्लाउड स्टोरेज, फक्त गेल्या दोन वर्षांच्या लेयरच्या फाइली आणि सगळ्या अंतिम पीडीएफ, ४१० जीबी.

रेडचा, म्हणजे दोन डिस्का जोडून दोन्हींवर एकच डेटा ठेवण्याचा, प्रस्ताव आला होता, तो नाकारला. मिरर रेड डिस्क मेली तर काम चालू ठेवतो. चुकून पुसलेली फाइल मात्र तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसतो. गूगल ड्राइव्हसारखा सिंकही तसाच: इथे पुसलं की तिथेही पुसलं, कचरापेटीत ३० दिवस, मग नाही. संग्रहासाठी एसएसडीही नको. वीज न देता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला प्रभार हळूहळू ओसरतो, आणि ट्रिममुळे (पुसलेली जागा एसएसडी आतून रिकामी करते) पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळपास नसते.

१७ जून: काय काय घ्यायचं

फाइली घेतल्या म्हणजे झालं नाही. मराठी कामात फॉन्ट हा अर्धा जीव आहे. जुन्या सीडीआर आणि पीएसडीत श्रीलिपीसारखे युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर ‘हळद’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा येतो, आणि दुसरा कोणताही देवनागरी फॉन्ट लावून तो वाचता येत नाही. म्हणून फॉन्टचा फोल्डर, वापरलेल्या आवृत्तीसकट, यादीत पहिला. सॉफ्टवेअरचं डोंगल वेगळ्या डबीत, चिठ्ठीसह.

बाकी: ब्रश (एबीआर), स्वॉच (एसीओ), अ‍ॅक्शन (एटीएन), क्रिताचे बंडल, छापखान्यांनी दिलेली आयसीसी प्रोफाइलं, टॅबलेटच्या बटणांची मांडणी. यातलं बहुतेक सी ड्राइव्हवर वापरकर्त्याच्या लपलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतं आणि ‘माझ्या फाइली डी ड्राइव्हवर आहेत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचं इथेच राहून जातं.

१९ ते २१ जून: रेस्टिक

पहिली पूर्ण प्रत: १.३१ टीबी, ५ तास १० मिनिटं, साठवलेला आकार १.१२ टीबी. रेस्टिक फाइलीचे तुकडे करून एकसारखे तुकडे एकदाच ठेवतं. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल_खरंच’ या तीन फाइलींचा भार त्यामुळे कमी झाला.

ठेवण्याचा नियम: रोजच्या १४, आठवड्याच्या ८, महिन्याच्या १२ प्रती. कलाकाराला फाइल बिघडल्याचं दुसऱ्या दिवशी कळत नाही, पुढच्या हंगामात कळतं. म्हणून महिन्याच्या प्रती वर्षभर.

अडचण १: दुपारी उघड्या असलेल्या पीएसडी कुलूपबंद, वाचता येत नाहीत. रेस्टिक अ‍ॅडमिन म्हणून आणि विंडोजच्या शॅडो कॉपीच्या पर्यायासह चालवलं, सुटलं. वेळही रात्री १० केली.

अडचण २: पासवर्ड हरवला तर रेस्टिकची प्रत कोणालाही, अगदी कोणालाही उघडता येत नाही. कागदावर लिहून दोन पाकिटं, एक स्टुडिओत वरच्या मजल्यावर, एक मिरजेत.

बाह्य डिस्कवर मुद्दाम रेस्टिक नाही, साधी फोल्डरची प्रत. पुरात हाती फक्त एक लॅपटॉप असेल तर कोणत्याही साधनाशिवाय फाइल उघडली पाहिजे. यासाठी रोबोकॉपी, विंडोजमधली प्रत काढायची आज्ञा. आरशाचा पर्याय (एमआयआर) खोट्या फाइलींवर तपासला आणि अपेक्षित अपघात झाला: स्रोताचा फोल्डर रिकामा होता, त्याने लक्ष्यही रिकामं केलं. ड्राइव्हचं अक्षर ई वरून एफ झालं तरी हेच होऊ शकतं. आता स्क्रिप्ट आधी दोन्हीकडे ठराविक नावाची खुणेची फाइल आहे का बघते. नसेल तर काही न करता थांबते. शिवाय पुसलेल्या फाइली थेट न घालवता तारखेच्या फोल्डरमध्ये हलवते.

२४ ते २७ जून: क्लाउड

अपलोड वेग ४० मेगाबिट. ४१० जीबीला सरळ हिशेबाने २२.८ तास. दिवसा लाइन मोकळी नसते, म्हणून रात्री ११ ते सकाळी ६. चार रात्री लागल्या. सगळी १.३१ टीबी चढवली असती तर साडेदहा रात्री, पुढच्या टप्प्यात.

२८ जून: परत काढून बघणं

यादृच्छिक ४० फाइली रेस्टिकमधून मिरजेच्या लॅपटॉपवर काढल्या, एसएचए-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवले. ३९ जुळले. चाळिसाव्या फाइलीवर प्रत घेतल्यानंतर काम झालं होतं, म्हणून तुलना चुकीची. त्या रात्रीच्या प्रतीशी जुळली. हॅशची यादी प्रत घेतानाच बनवायची, नंतर नाही. ती आता स्क्रिप्टचा भाग आहे.

हॅश जुळणं पुरेसं नाही म्हणून दहा फाइली उघडूनही पाहिल्या. तीनमध्ये मजकुराच्या लेयरवर फॉन्ट नसल्याचं चिन्ह. फॉन्टचा फोल्डर प्रतीत होता, पण त्यात एका लेबलसाठी नंतर घेतलेला फॉन्ट नव्हता. तो सी ड्राइव्हवर वापरकर्त्याच्या फॉन्टच्या जागी पडला होता. विंडोज १० पासून फॉन्ट दोन ठिकाणी बसतात, सर्वांसाठी आणि एका वापरकर्त्यापुरते. दुसरी जागा यादीत घातली.

रेस्टिकची आतली तपासणी: दर रविवारी ५ टक्के डेटा प्रत्यक्ष वाचून.

५ जुलै

पहिली अदलाबदल झाली. ‘अ’ डिस्क मिरजेत, ‘ब’ स्टुडिओत. पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

पुराची क्रमवारी भिंतीवर लावली. आयर्विन पुलाची पातळी ३० फूट आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची सूचना: शनिवारची वाट न बघता ‘ब’ मिरजेला. ३५ फूट: संग्रहाची डिस्क मशीनमधून काढून तीही. एनव्हीएमईवरचं काम त्याआधी रेस्टिकला. डिस्क पाण्यात बुडालीच तर ती वाळवायची नाही, चालू करायची नाही. ओली असतानाच बंद पिशवीत घालून लॅबकडे. वाळली की गाळ तबकडीवर चिकटतो.

बाकी कामं: तीन फाइलींचे ब्लेंड मोड परत लावणं (स्टुडिओ), राहिलेली एक सीडीआर मिरजेच्या छापखान्यात विचारणं, मार्च २०२३ च्या पेन ड्राइव्हवरून तिसऱ्या विखुरलेल्या पीएसडीची जुनी आवृत्ती आहे का बघणं. पुढची अदलाबदल १२ जुलै.